काकांच्या लंडनच्या बस: स्कॅनिंगच्या नोंदी

4 जानेवारी

काकांकडून शेवटी पिशवी आली. एक अल्बम, निगेटिव्हच्या पट्ट्या कागदी पाकिटांमध्ये, आणि एक वेगळं पाकीट ज्यावर काकूंच्या अक्षरात "खराब" असं लिहिलंय. अल्बमच्या कव्हरवर निळ्या पेनने "लंडन 1983". काका तेव्हा कंपनीच्या ट्रेनिंगला महिनाभर गेले होते आणि शनिवार-रविवार नुसते कॅमेरा घेऊन पायी हिंडले, एवढंच मला माहीत.

अल्बम तो चिकट पानांचा आहे, वर प्लास्टिक असतं तो. हे अल्बम म्हणजे फोटोंचे वैरीच, गोंद पिवळा पडलाय आणि प्रिंट्स पानाला अशा बसल्यात की ओढलं तर फाटणार. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवला तर सुटतात, पण आज एवढा धीर नव्हता. निगेटिव्ह चांगल्या आहेत, व्हिनेगरचा वास नाही (फिल्म कुजायला लागली की तो येतो), तेव्हा प्रिंट्सच्या नादी न लागता थेट निगेटिव्हच स्कॅन करायच्या असं ठरवलं.

5 जानेवारी

"खराब" पाकीट उघडलं आणि मला हसूच आलं. सगळे बसचे फोटो! म्हणजे काकांना नॅशनल गॅलरी काढायची होती आणि मध्येच बस आली, घड्याळाचा टॉवर काढायचा होता आणि मध्येच बस आली. मग काकूंनी हे बाजूला काढले आणि अल्बमात लावले ते इमारतींचे स्वच्छ फोटो. ते स्वच्छ फोटो मी आज पाहिले, छान आहेत, पण तसे पोस्टकार्डवर हजारो मिळतील. खराब पाकिटातले मात्र कुणाकडेच नसणार, कारण तीच बस त्याच क्षणी त्याच कोपऱ्यावर दुसरं कोण काढणार?

तेव्हा प्रोजेक्टची दिशा बदलली. आधी खराब पाकीट.

8 जानेवारी

सेटिंग्जची नोंद, मलाच नंतर लागेल म्हणून. फ्लॅटबेड स्कॅनरवर खोक्यावर लिहिलेलं रिझोल्यूशन खरं मानायचं नाही, एका मर्यादेपुढे फाईल नुसती फुगते, डिटेल वाढत नाही. खाली लाईट पॅनल, वर मॅक्रो लेन्स लावून कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचा फोटो काढला तर नंबरप्लेटची अक्षरं जास्त स्वच्छ आली. कलर निगेटिव्हला तो नारिंगी थर असतो तो काढायला वेळ जातो, पण मला आकाशाचा रंग अचूक नकोय, मला अक्षरं हवीत. धूळ ब्लोअरने उडवायची, कपड्याने पुसायची नाही, एकदा ओरखडा गेला की गेला.

एक पट्टी बुरशीची आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ती वेगळ्या पाकिटात ठेवली, बाकीच्यांना लागायला नको.

9 जानेवारी

फ्रेम नंबर! निगेटिव्हच्या कडेला 9, 9ए, 10, 10ए असे आकडे छापलेले असतात, प्रिंटवर ते येत नाहीत. अल्बममध्ये काकूंनी फोटो सुंदर दिसतील तसे लावलेत, त्यामुळे क्रम पार विस्कटलेला. कडेचे आकडे बघून लावले तर काकांची चाल दिसते: आधी पिकॅडिली, मग ट्रॅफल्गर स्क्वेअर, तिथून व्हाइटहॉल आणि शेवटी पार्लमेंट. सरळ उताराने नदीकडे गेलेत.

काकांना फोन केला.

"काका, पिकॅडिलीहून ट्रॅफल्गर स्क्वेअरला चालत गेलात का?"

"अगं, चालतच. बसचं भाडं वाचवायचं होतं. आणि भत्त्यातून काकूला पर्स घ्यायची होती ना."

मागून काकूंचा आवाज, "ती पर्स मला कधी आवडली नव्हती हं."

12 जानेवारी

आज एका फोटोवरच दिवस गेला. पार्लमेंट स्क्वेअर, डावीकडे 24 नंबरची बस, लाल, आणि मागे घड्याळाचा टॉवर. (त्याचं नाव 2012 मध्ये एलिझाबेथ टॉवर केलं, पण सगळे बिग बेनच म्हणतात, खरं तर ते आतल्या घंटेचं नाव.) झूम केलं तर चार वाजून वीस मिनिटं. मजा बघा, वेळ मिनिटापर्यंत माहीत आणि वर्षाचा पत्ता नाही.

म्हणजे वर्षाचा पत्ता आहे असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. कव्हरवर लिहिलंय ना 1983. पण या टॉवरची साफसफाई आणि दुरुस्ती 1983 ते 1985 चालली होती, तेव्हा त्याला परांची बांधलेली होती. काकांच्या फोटोत टॉवर मोकळा आहे, दगड उजळ, कडेचं सोनेरी काम चमकतंय, अगदी नुकतंच अभ्यंगस्नान झाल्यासारखं. परांची बांधायच्या आधीचा टॉवर काजळीने काळवंडलेला होता, हा तसा अजिबात नाही. 1983 डळमळीत झालं.

आणि लाल 24 सुद्धा बोलते. लंडनमध्ये 1985 पासून एकेक रूट टेंडरवर द्यायला सुरुवात झाली, आणि नोव्हेंबर 1988 मध्ये हा 24 नंबर ग्रे-ग्रीन नावाच्या खासगी कंपनीकडे गेला. त्यांच्या बस राखाडी, हिरव्या आणि मध्ये नारिंगी पट्टा. पार्लमेंटसमोरून राखाडी बस जायला लागली तेव्हा लोकांना केवढं विचित्र वाटलं असेल. काकांची 24 लाल आहे, म्हणजे फोटो नोव्हेंबर 88 च्या आधीचा. तर खालची कड 85, वरची कड 88.

13 जानेवारी

काकांना सांगितलं. त्यांना पटलं नाही.

"अगं, 83 म्हणजे 83. लॉर्ड्सला आपण जिंकलो ते वर्ष. मी ग्राउंड बाहेरून बघून आलो, गेटवरच्या माणसाला म्हटलं आय अ‍ॅम फ्रॉम इंडिया, तर तो म्हणाला कपिल देव!"

आता यावर काय बोलणार. वर्ल्डकपवर शंका घेणारी पुतणी म्हणून घरात नाव व्हायला नको. फोन ठेवला.

17 जानेवारी

ट्रॅफल्गर स्क्वेअरची फ्रेम. 15 नंबरची बस नॅशनल गॅलरीच्या अगदी पायऱ्यांसमोरून चाललीये. आज तिथे रस्ताच नाही. 2003 मध्ये तो उत्तरेकडचा रस्ता बंद करून सगळं पायी चालणाऱ्यांसाठी मोकळं केलं, आता तिथे लोक जमिनीवर खडूने चित्रं काढत बसतात. म्हणजे या जागेवरून बसचा फोटो आज कुणी ठरवूनसुद्धा काढू शकणार नाही. काकूंनी याच्यावर "खराब" लिहिलं होतं!

गॅलरीच्या डाव्या अंगाला मोकळी जागा दिसते आणि त्यात गाड्या लावलेल्या. तिथे हॅम्प्टन्स नावाचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, महायुद्धात बॉम्बने गेलं आणि जागा कित्येक वर्षं तशीच पडून होती, पार्किंग म्हणून वापरायचे. आता तिथे गॅलरीची सेन्सबरी विंग आहे, ती 1991 ला उघडली. फोटोत बांधकामाची काहीच निशाणी नाही.

बस गॅलरीचा अर्धा दर्शनी भाग खाऊन टाकते हे खरं. पण मागच्या उघड्या प्लॅटफॉर्मवर खांबाला धरून कंडक्टर उभा आहे, गळ्यात तिकिटाचं मशीन. गिब्सन मशीन असणार ते, कोऱ्या कागदाच्या रोलवर जागच्या जागी तिकीट छापून द्यायचं, लंडनमध्ये 1950 च्या दशकापासून 1993 पर्यंत चाललं. माणूस बाहेर बघतोय आणि एक पाय अर्धा हवेत. गॅलरीकडे कुणाचं लक्ष जाणार या फोटोत?

20 जानेवारी

आजची फ्रेम म्हणजे या अख्ख्या पिशवीचा हिरा आहे, जरा सविस्तर लिहिते.

पिकॅडिली, 14 नंबरची रूटमास्टर, म्हणजे मागे उघडा प्लॅटफॉर्म असलेली लंडनची ती प्रसिद्ध लाल डबलडेकर. खालच्या आणि वरच्या मजल्याच्या बरोबर मध्यावर एक अरुंद चौकोनी खिडकी आहे, बाकीच्या खिडक्यांच्या अर्ध्या रुंदीची. ही खूण एकदा कळली की लांबूनही ओळखता येतं, ही लांब रूटमास्टर, आरएमएल. साधी आरएम 64 सीटची, ही 72 सीटची. बस लांब करायला त्यांनी मध्ये तेवढा एक तुकडा घातला. सगळ्या प्रकारच्या मिळून 2,876 रूटमास्टर बांधल्या, 1954 पासून 1968 पर्यंत.

ड्रायव्हरच्या केबिनमागे बाजूच्या पत्र्यावर छोट्या पट्टीवर "एएफ" आणि शेजारी एक आकडा. एएफ म्हणजे पटनीचा डेपो. लंडनच्या प्रत्येक डेपोला असं एक-दोन अक्षरांचं नाव होतं, अप्टन पार्कचं नुसतं यू, लेटनचं टी, कॅम्बरवेलचं क्यू, कुठल्या हिशोबाने दिलं देव जाणे. शेजारचा आकडा म्हणजे त्या दिवशी ती गाडी त्या रूटवर कितव्या ड्युटीला आहे तो. डेपोत बसल्या बसल्या कुठली गाडी कुठे असायला हवी हे त्यावरून कळायचं, मोबाईल-जीपीएस काही नसताना.

आता नंबरप्लेट. मधले दोन आकडे समोरच्या माणसाच्या टोपीने झाकलेत, पण "जेजेडी 4" आणि शेवटचा "डी" वाचता येतो. ब्रिटनमध्ये त्या काळात प्लेटचं शेवटचं अक्षर वर्ष सांगायचं, ए म्हणजे 1963, बी म्हणजे 64, असं करत डी म्हणजे 1966. आणि लंडनवाल्यांनी रूटमास्टरच्या प्लेटचे आकडे फ्लीट नंबरशी, म्हणजे कंपनीने बसला दिलेल्या स्वतःच्या नंबरशी, जुळवून घेतले होते, जेजेडी 4 म्हणजे गाडी आरएमएल 24 शे काहीतरी. बस 1966 ची.

बसच्या पुढे एक पांढरी कार अर्धी फ्रेममध्ये आहे. तिच्या प्लेटवर पण डी! पण हा डी सुरुवातीला आहे. शेवटची अक्षरं वाय पर्यंत येऊन संपल्यावर ऑगस्ट 1983 पासून त्यांनी वर्षाचं अक्षर पुढे आणलं आणि परत ए पासून मोजायला लागले, दर ऑगस्टला नवीन अक्षर. ए 83, बी 84, सी 85, आणि डी ची पहिली गाडी रस्त्यावर आली 1 ऑगस्ट 1986 ला. त्याआधी ही कार अस्तित्वातच असू शकत नाही.

एकाच फोटोत दोन डी, एक मागे एक पुढे, मध्ये वीस वर्षं. मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले.

1983 संपलं. ऑगस्ट 86 च्या आधीचं काहीही संपलं.

21 जानेवारी

काकांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, दोन्ही डी ना लाल गोल करून. बराच वेळ निळ्या टिका, उत्तर नाही. मग फोन आला तो काकूंचा.

"अगं, मी तेव्हापासून सांगतेय यांना. वर्ल्डकप आपण सगळ्यांनी मिळून घरात ऐकला रेडिओवर. हे लंडनला असते तर फटाके कुणी आणले असते? हे गेले ते वेंगसरकरने लॉर्ड्सला सेंच्युरी मारली त्या वर्षी."

लॉर्ड्सला आपण त्या दशकात जिंकलो ते दोनदा! 25 जून 1983 ची फायनल, आणि जून 1986 ची टेस्ट, लॉर्ड्सवर भारताने जिंकलेली पहिली टेस्ट, वेंगसरकरचं तिथलं लागोपाठ तिसरं शतक, 79, 82 आणि 86. दोन्ही वेळा कॅप्टन कपिल. गेटवरचा माणूस कपिल देव म्हणाला ते खरंच, फक्त काकांनी नंतर कधीतरी अल्बमवर वर्ष लिहिताना मोठ्या विजयाचं लिहिलं. कोण नाही लिहिणार?

काका मागून म्हणाले, "अच्छा, म्हणजे कॉलर वर करून गेलो होतो ते टेस्टमुळे." आणि विषय मिटला, एवढ्या सहज मिटेल असं वाटलं नव्हतं.

24 जानेवारी

86 की 87? डी ची कार 87 मध्येही रस्त्यावर असणारच की. काकूंची साक्ष 86 ची आहे पण मला फोटोतलंच काहीतरी हवं होतं. पिकॅडिलीच्याच पुढच्या फ्रेममध्ये आठवणीच्या वस्तूंचं दुकान आहे, शोकेसमध्ये कपांची रांग, कपांवर जोडप्याचा फोटो. प्रिन्स अँड्र्यू आणि सेरा फर्ग्युसन, लग्न 23 जुलै 1986, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी. पुढच्या वर्षीपर्यंत असले कप शोकेसच्या पहिल्या रांगेत कोण ठेवेल, ते तर मागे सवलतीच्या टोपलीत जातात. कोर्टात टिकणार नाही हा पुरावा, पण मला पुरेसा आहे. झाडांना भरपूर पानं, लोकांच्या अंगात पातळ जॅकेट. ऑगस्ट किंवा सप्टेंबर 1986.

29 जानेवारी

काकांचा प्रश्न: "ती 14 नंबर आता कुठे असेल गं? मी बसलो होतो तिच्यात, वर पुढच्या सीटवर." (म्हणजे भाडं अगदीच वाचवलं नव्हतं तर.)

साधा प्रश्न वाटतो, पण उत्तर विचित्र आहे आणि मला ते शोधताना फार मजा आली. रूटमास्टर मुळात अशी बनवली होती की तिचे भाग सुटे होतात, नेहमीसारखी लांब चासी नाही, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि तिला पुढे-मागे जोडलेले दोन सांगाडे, पुढच्यात इंजिन-स्टिअरिंग, मागच्यात मागचा अ‍ॅक्सल. ठराविक वर्षांनी प्रत्येक बस शहराबाहेर आल्डनहॅमच्या प्रचंड वर्कशॉपमध्ये जायची. (ती इमारत आधी भुयारी रेल्वेच्या एका वाढीव मार्गाच्या डेपोसाठी बांधत होते, तो मार्ग झालाच नाही, युद्धात तिथे हॅलिफॅक्स बॉम्बर विमानं जोडली.) तिथे बॉडी उचलून वेगळी, खालचे भाग वेगळे, सगळं आपापल्या रांगेत दुरुस्त व्हायचं. दोन्हीला लागणारा वेळ वेगळा. मग तुझी बॉडी तयार होईपर्यंत थांबायचं कशाला? जी बॉडी तयार आहे ती जोडायची, आणि बाहेर पडणाऱ्या गाडीला आज आत आलेल्या गाडीचा नंबर आणि नंबरप्लेट द्यायची. कागदोपत्री बस एक दिवसही बंद राहिली नाही, लायसन्सचे पैसे वाया नाहीत. लॉन्ड्रीत शर्ट टाकावा आणि त्याच पावतीवर दुसऱ्याचा तसाच धुतलेला शर्ट घेऊन यावं, आणि दोघांनाही फरक कळू नये, असा कारभार.

म्हणजे काकांनी फोटोत पकडलेली आरएमएल 24 शे काहीतरी ही 1966 ला त्या नंबरने बाहेर पडलेलीच बस असेल याची खात्री नाही. नंबर तोच, बॉडी भलतीच, इंजिन तिसरंच असू शकतं. बॉडीला आपला वेगळा नंबर असायचा, आत छोट्या पट्टीवर, तो बाहेरून फोटोत कुठून दिसणार? त्यात भर म्हणजे 80 च्या दशकात जुन्या रूटमास्टरच्या काही नंबरप्लेट काढून नव्या बसना लावल्या. तेव्हा प्लेट पण साक्षीदार म्हणून फितूर.

आणि आल्डनहॅम बंद झालं नोव्हेंबर 1986 ला, काकांच्या फोटोनंतर काही आठवड्यांत.

"म्हणजे काय, माझी बस कुठली ते कळणारच नाही?" काका.

"काका, तुमची बस म्हणजे नंबर धरायचा, की पत्रा धरायचा, की सीट?"

"सीट," काका लगेच म्हणाले. मला वाटतं हे त्या वर्कशॉपवाल्यांनाही मान्य झालं असतं.

त्यांना एवढं नक्की सांगता आलं की रोजच्या फेऱ्यांमधली शेवटची रूटमास्टर 9 डिसेंबर 2005 ला धावली, 159 नंबरवर, ब्रिक्स्टनला जाऊन थांबली. व्हीलचेअरवाल्यांना चढता येत नव्हतं आणि प्रत्येक बसला कंडक्टर परवडत नव्हता. जपून ठेवलेल्या पुष्कळ आहेत, लग्नाला भाड्याने मिळतात.

1 फेब्रुवारी

थोडं आपल्याकडचं, कारण हे वाचून दोघातिघांनी विचारलं की आमच्याकडे मुंबईचे जुने फोटो आहेत, त्यात काय बघायचं. बेस्टची जुनी डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा सगळ्यांनी हार घालून सेल्फी काढले. पण तुमच्या आजोबांनी 1980 च्या आसपास काढलेला, ज्यात बस चुकून आलीये, तो फोटो शोधा. नंबरप्लेट एमएच 01 अशी असेल तर फोटो जुलै 1989 नंतरचा, कारण राज्याची दोन अक्षरं आणि दोन आकडी कोड देशभर तेव्हा आला, त्याआधी सलग तीन अक्षरं आणि मग आकडे असायचे. पुढच्या पाटीवर देवनागरी आकडा वाचा. आणि कृपया फोटो क्रॉप करू नका, जे काही सांगणारं असतं ते कडेलाच असतं.

3 फेब्रुवारी

फाईलची नावं ठरली: वर्ष-महिना अंदाजे, जागा, रूट, डेपोचं अक्षर, फ्रेम नंबर. शंका असेल तिथे नावातच प्रश्नचिन्ह टाकायला गेले तर कॉम्प्युटर घेत नाही, म्हणून "अंदाजे" असं लिहिलं. प्रत्येक फोटोसोबत एक टेक्स्ट फाईल, त्यात तारीख कशावरून काढली ते. नुसती तारीख लिहिली तर पुढच्यांना ती काकांच्या कव्हरसारखीच वाटणार. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, रंग सुधारायचे ते कॉपीवर.

6 फेब्रुवारी

आज एक हिरवी बस सापडली! व्हिक्टोरिया स्टेशनजवळचा पूल, ग्रीन लाईनच्या बाहेरगावच्या गाड्या थांबायच्या तिथला. हिरवी म्हणजे लंडन कंट्री, शहराबाहेरच्या भागाची कंपनी. आणि ही कंपनी 7 सप्टेंबर 1986 ला चार तुकड्यांत वाटली गेली, चार दिशांच्या चार. म्हणजे बसच्या अंगावर कंपनीच्या नावापुढे दिशा लिहिलेली असली तर फोटो 7 सप्टेंबरनंतरचा, मग ऑगस्ट की सप्टेंबर हा वादही मिटला. दिशा नसली तर काहीच सिद्ध होत नाही, रंगारी काय एका रात्रीत सगळ्या गाड्या रंगवणार नाही.

नेमकं नावाच्या शेवटावर एका बाईची छत्री आलीये. "कंट्री" पर्यंत वाचता येतं, पुढे छत्री. पुढची फ्रेम, 31ए, त्याच जागेवरून काढलेली दिसते पण ती बुरशीच्या पट्टीवर आहे. ती पट्टी उद्या दिवसा उजेडात, हातमोजे घालून. आज डोळे गेले.